सुखाची शिडी आणि पौडचा कुत्रा

जागतिक आनंद अहवालाच्या २०२५ सालच्या यादीत १४७ देशांमध्ये आपला नंबर ११८वा लागला. मुळशी तालुक्यातल्या पौडच्या एका चहाच्या टपरीवर ही बातमी मोठ्यानं वाचली गेली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो अर्थातच, "पाकिस्तान कितवा?" पाकिस्तान १०९वा. बातमी वाचायच्या आधी बाकड्यावरचे चौघे जण चांगले मजेत होते. वाचून झाल्यावर ते अहवालाबरहुकूम दुःखी झाले. नेपाळ ९२वा आहे हेही पुढे छापलं होतं, पण वाचणाऱ्यानं भल्या मनानं पान उलटलं.

दुसरा प्रश्न आप्पांचा. आप्पा म्हणजे भाताची दोन खाचरं, एक गाय, बैलांची एक जोडी आणि कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जायची खोड. "पण हे मोजत्यात कशानं? काटा हाय का मीटर?"

मी सांगितलं. डोळ्यांपुढे एक शिडी आणायची. तळाची पायरी शून्य, वरची दहा. वरच्या पायरीवर आपल्याला मिळू शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, तळाला वाईटातलं वाईट. आज आपण कितव्या पायरीवर आहोत तो आकडा बोलायचा. देशोदेशी साधारण हजारेक लोकांना दरसाल हे विचारतात, तीन वर्षांची सरासरी काढतात आणि मग फिनलंडला पहिला नंबर देतात. त्या यादीपर्यंत लागोपाठ आठ वर्षं दिलाय.

आप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"शिडी टेकवलीया कशाला?"

"तसं काही सांगत नाहीत."

"बरं, खाली कुणी धरलीया का?"

"तेही सांगत नाहीत."

"मग आठव्या पायरीवर कोण शहाणा जाईल? दुसरी-तिसरी बरी. पडला तरी हाड शाबूत."

भारताची सरासरी चार-साडेचारच्या मध्ये का घुटमळते, याचा इतका सयुक्तिक खुलासा मी कुठल्या अर्थतज्ज्ञाकडूनही ऐकलेला नाही. फिनलंडचा माणूस शिडी दिसली की चढतो, कारण खाली ती धरायला त्याचं सरकार उभं असतं. आपला माणूस आधी भिंत तपासतो.

एवढ्यात बाकड्याखाली झोपलेला कुत्रा उठला. पुढचे दोन पाय त्यानं जमतील तेवढे लांब केले, छाती जमिनीला लावली, मागचा भाग वर, शेपूट त्याहून वर. मग सगळं वजन पुढे घेऊन एक मागचा पाय मागे ताणला, मग दुसरा, पंजाची बोटंसुद्धा फाकवली, तोंड उघडून एक लांब, शेवटाला बारीक होत जाणारी जांभई दिली आणि एसटी स्टँडच्या दिशेनं निघून गेला.

"ह्याचा आकडा किती?" आप्पा म्हणाले.

प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. ती शिडी आहे हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. त्याचं पुस्तक १९६५ साली निघालं आणि पुढे जगभरच्या माणसांना तिच्यावर चढवलं गेलं. योगायोग असा, की त्याच १९६५ साली इंग्लंडात दुसरी एक मोजपट्टी तयार झाली, ती जनावरांसाठी. आदल्या वर्षी रूथ हॅरिसन या बाईंनी 'ॲनिमल मशीन्स' नावाचं पुस्तक लिहून कोंबड्या-वासरांना शेडमध्ये कसं कोंडून ठेवतात ते चव्हाट्यावर मांडलं होतं. लोक खवळले. सरकारनं जगातल्या सगळ्या सरकारांना ठाऊक असलेली युक्ती केली, समिती नेमली. अध्यक्ष होते ब्रँबेल नावाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. आश्चर्य म्हणजे समितीनं अहवाल दिला, आणि त्याहून आश्चर्य म्हणजे त्यात समजेल असं एक वाक्य निघालं. त्याचा मथितार्थ असा, की पाळलेल्या जनावराला निदान पाच गोष्टी विनासायास करता आल्या पाहिजेत. वळणं, आपलं अंग आपण साफ करणं, उठणं, आडवं होणं आणि हातपाय ताणणं.

हातपाय ताणणं, आणि तेही सरकारी अहवालात! आमच्या लहानपणी जी गोष्ट पाहुण्यांसमोर केली की पाठीत धपाटा बसायचा, ती एका साम्राज्याच्या राजधानीत बसून विद्वानांनी किमान हक्कांमध्ये घातली. मला राहून राहून वाटतं, त्या वर्षी दोन मोजपट्ट्या निघाल्या आणि वाटताना अदलाबदल झाली. चांगली जनावरांना गेली.

कारण शिडीत एक खोट आहे. ती समोर आली की माणूस आपली पायरी बघायच्या आधी शेजाऱ्याची बघतो. आळोखेपिळोखे देताना शेजारी दिसत नाही. बहुतेकांचे डोळे मिटलेले असतात. शिवाय शिडी फक्त माणसालाच दाखवता येते. कोंबडीला दाखवली तर ती काहीही विचार न करता दहाव्या पायरीवर जाऊन बसेल, कारण रात्री उंचावर बसायची तिची जातच आहे. फिनलंडचं कठीण होईल.

कोंबडीचं निघालंच आहे तर सांगतो. परसात मोकळी फिरणारी गावरान कोंबडी आळस कसा देते ते मुद्दाम बघण्यासारखं आहे. ती एकाच बाजूचा पंख आणि पाय एकदम मागे ताणते. डावा पंख, डावा पाय. पंख पार खाली पायाच्या नखांपर्यंत पसरतो, सगळी पिसं मोजून घ्यावीत अशी सुटी होतात, आणि बाई तेवढा वेळ उजव्या पायावर तोल सांभाळून उभ्या. मग दुसरी बाजू. भरतनाट्यमवाल्यांनी यावर हक्क सांगायला हरकत नाही. तसा एका अर्थी सांगितलाही आहे. आपल्याकडचा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या खटपटीतून आला, आणि पिंजरा जनावराला हालचाल करता येईल एवढा उंच, लांब, रुंद हवा असं त्यात लिहिलेलं आहे. हात पूर्ण लांब करता येणं म्हणजे काय हे नर्तकीला कळणार नाही तर कुणाला?

जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यात एका अंडीवाल्या कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. ए-फोर कागद साधारण ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे तिच्या तक्रारीचा अर्ज ज्या कागदावर लिहायचा, तो तिच्या घरापेक्षा मोठा. तिथे तो पंखाचा नाच शक्यच नाही. युरोपियन महासंघानं असले पिंजरे २०१२ च्या जानेवारीपासून बंद केले. आपल्याकडे ऑम्लेट खाताना कागदाचं माप आठवू नये एवढीच सोय आहे.

मुळशी तालुक्यात राहायचा एक फायदा म्हणजे जनावरांचं अंग ताणण्याचं हे सगळं प्रकरण फुकटात बघायला मिळतं. मांजराचं सांगायलाच नको. मांजर आळोखेपिळोखे देण्यासाठी उठतं आणि तो कार्यक्रम झाला की दमून पुन्हा झोपतं. गाय-बैल उठताना आधी मागचे पाय उभे करतात, तेवढा वेळ पुढे गुडघ्यावर असतात, मग पुढचे. घोड्याचं उलट, तो पुढून उठतो. उठून उभी राहिली की निरोगी गाय पाठ ताणते, कधी मागचा एक पाय लांब करते, मग नाक चाटते आणि दिवस सुरू झाला असं जाहीर करते. आजारी जनावर ही पायरी गाळतं. पशुवैद्यकाच्या पुस्तकातही हे निरोगीपणाचं लक्षण म्हणून येतं, आणि आप्पांनी ते पुस्तक न वाचता पाठ केलेलं आहे. सकाळी गोठ्यात गेल्यावर ते आधी काही बोलत नाहीत, नुसते गाय उठायची वाट बघतात. गाय उठली, पाठ ताणली की मग तोंडातून "हं" निघतं. घरातल्या माणसांची एवढी चौकशी त्यांनी कधी केल्याचं वहिनींना आठवत नाही.

म्हैस मात्र या सगळ्याच्या पलीकडे पोचलेली. तिचे आळोखेपिळोखे मी फारसे पाहिलेले नाहीत. मुळा नदीच्या डोहात नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर ठेवून ती बसते, तेव्हा ताणायचं असं काही अंगात उरतच नसावं. तत्त्वज्ञानात अशा अवस्थेला मोठमोठी नावं आहेत.

शास्त्राच्या बाजूनं बघितलं तर आळोखेपिळोख्यांचा हा प्रकार आळसाचा मुळीच नाही. बराच वेळ न हललेला स्नायू आखडतो. त्याच्या आतले ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांना धरून बसतात. आळोखेपिळोखे देताना आपण स्नायू नुसता लांब करत नाही, लांब करता करता आवळतोही, आणि मग एकदम सोडतो. त्या सोडण्यातच सगळी मजा आहे. फ्रेझर नावाच्या पशुवैद्यकानं १९८९ साली निरनिराळ्या प्राण्यांच्या या सवयीवर सबंध शोधनिबंध लिहिला. जन्माला न आलेली कोकरंसुद्धा आईच्या पोटात अंग ताणतात हे त्याला ठाऊक होतं. माणसाचं बाळही गर्भात तीन-चार महिन्यांचं झालं की आळस देताना, जांभई देताना सोनोग्राफीत दिसतं. बाहेर कामाला लागायला अजून वीस-बावीस वर्षं आहेत, तरी आधीच कंटाळा.

आणि ही गोष्ट आपल्या हुकमात नाही. पक्षाघातानं लुळा पडलेला हात, जो रुग्णाच्या कितीही मनात असलं तरी तसूभर हलत नाही, तो काही रुग्णांमध्ये जांभई आली की आपोआप वर उठतो. जांभई संपली की पुन्हा पडून राहतो. मन हुकूम सोडून थकलं तरी शरीराकडे स्वतःचा एक जुना रस्ता आहे, मेंदूतल्या साहेबाच्या सहीशिवाय चालणारा. नैसर्गिक सुख म्हणतात ते त्याच रस्त्यानं येत असावं असा माझा संशय आहे.

आता ताणलेलं प्रत्येक अंग सुखाचंच असं धरून चालू नये. कुत्रा पुढून वाकून, मागून वर होऊन तसाच बराच वेळ राहिला, पुन्हा पुन्हा तेच करू लागला, तर त्याच्या पोटात दुखतंय. त्याला डॉक्टरकडे न्यावं. दोन कुत्रे समोरासमोर तशीच कमान करून थांबले, तर मात्र ते खेळायला बोलावणं असतं. माणसाचंही तेच. अंग मोडून आलं की आमच्याकडे आजी कपाळाला हात लावायची, कारण पाठोपाठ ताप येणार. चरकानं तापाच्या पूर्वलक्षणांत आळस आणि जांभई दोन्ही घातली आहेत. पण त्याच चरकानं, जे वेग कधी अडवू नयेत अशा तेरा वेगांची यादी दिली, तीत भूक, तहान, झोप, अश्रू यांच्या बरोबरीनं जांभईही बसवली आहे. जांभई दाबली तर अंग वाकतं, आखडतं, कापतं अशी धमकीही दिली आहे. चरकाच्या काळी दोन-अडीच तासांच्या सत्कारसभा नसाव्यात. असत्या तर चौदावा वेग आला असता, सभागृहातून उठून जाण्याचा.

समर्थांचं या विषयाकडे लक्ष गेलं नसतं तरच नवल. दासबोधाच्या अठराव्या दशकात नववा समास अख्खा निद्रेवर आहे. अंग मोडणं, कडकडून जांभया, जांभईबरोबर वाजवलेल्या चुटक्या, डुलक्या, घोरणं, झोपेत बरळणं, सगळं इतकं बारकाईनं टिपलंय की हा माणूस रात्रभर जागून शिष्यांकडे बघत बसला असणार. जांभईला चुटकी वाजवायची आपली पद्धत निदान तेवढी जुनी आहे. चुटकीनं काय होतं, असं आजीला विचारलं तर "तोंडात काही जात नाही" असं उत्तर मिळे. काय जात नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण गेलंही नाही.

माणसाचं बाळ वर्षभर मनसोक्त अंग ताणतं. न्हाऊ घालणारी मावशी त्याचे हात छातीवर उलटसुलट ओढते, पाय पोटाशी दुमडून सरळ करते, आणि वर घरच्यांना ऐकवते, "बघा कसं आळोखेपिळोखे देतंय, वाढ लागलीय त्याला." तेच पोर सहा वर्षांचं होऊन वर्गात तसं करतं तेव्हा "झोप झाली नाही का?" आणि सव्विसाव्या वर्षी मीटिंगमध्ये केलं तर वर्षअखेरीच्या मूल्यमापनात 'उत्साह कमी'. कृती तीच, वाढ मात्र थांबलेली.

आयटी कंपन्यांचं हिंजवडी मुळशी तालुक्यातच येतं हे हिंजवडीतल्या पुष्कळांना माहीत नसतं. त्यांच्या मते ते कॅलिफोर्नियाच्या हद्दीला लागून आहे. तिथं पाठीला टेकू देणाऱ्या, मानेला आधार देणाऱ्या, मागे-पुढे, वर-खाली होणाऱ्या खुर्च्या असतात. माणूस तेवढा एका जागी. दर तासाला मनगटावरचं घड्याळ थरथरतं आणि उभं राहायला सांगतं. मग तो बिचारा इकडेतिकडे बघतो, कुणी पाहत नाही अशी खात्री झाली की खांदे अर्धा इंच वर नेतो, खाली आणतो आणि बसतो. घड्याळ शाबासकी देतं. जे पौडच्या कुत्र्याला कुणी सांगावं लागत नाही, ते करण्यासाठी इथे बॅटरी चार्ज करावी लागते. संध्याकाळी तोच माणूस चांदणी चौकात गाडीत बसलेला दिसतो. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये नवा उड्डाणपूल झाला. वाहनांना हातपाय पसरायला जागा मिळाली आणि त्यांनी ती ताबडतोब भरून टाकली. मोटारसायकलवाला निदान दोन्ही पाय खाली टेकून कंबर मागे रेलतो. गाडीतल्या माणसाचा हात छताला लागतो.

शुक्रवार उजाडला की तोच माणूस ताम्हिणीच्या रस्त्याला लागतो, कारण मुळशीच्या तलावाकाठी त्याला आराम करायला शिकवणारी ठिकाणं आहेत. तिथं पहाटे हिरवळीवर चटया अंथरतात. अमुक मार्जरासन, तमुक अधोमुख श्वानासन, मग भुजंगासन. योगाची थट्टा करायचा माझा अजिबात विचार नाही. हा भाग योगाच्या दृष्टीनं फार मोठ्या शेजाराचा आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि आसनांना प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. योगगुरू अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले ते इथलेच झाले. घेरंडसंहितेत तर स्वच्छ म्हटलंय, की जगात जेवढे जीव तेवढी आसनं. म्हणजे अभ्यासक्रम कुणी ठरवला याबद्दल पूर्वजांच्या मनात शंका नव्हती. गुरू चार पायांवर चालायचे, एवढंच.

माझा आक्षेप गुरूला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल आहे. अशाच एका ठिकाणच्या फाटकातून एकदा आत बघत होतो. हिरवळीवर पंधरा-वीस पाहुणे ओळीनं डोकं खाली, कंबर वर करून उभे. ते दृश्य बघून गावातला एक तांबडा कुत्रा कुंपणाच्या फटीतून आत शिरला. बहुधा खेळायला बोलावतायत असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानंही लगेच पुढचे पाय पसरून तशीच कमान केली. त्या पंधरा-वीस जणांत बिनचूक आसन त्याच्या एकट्याचं होतं. पहारेकऱ्यानं काठी आपटून त्याला हाकललं. श्वानासनाच्या वर्गाला अडथळा येतो म्हणून श्वान बाहेर.

पहारेकरी घोटवड्याकडचा. मी म्हटलं, "अहो, तो चांगलं करत होता."

"करंल की," तो म्हणाला. "पण पावती फाडली नाय."

हा तलावही नीट बघितला तर हातपाय ताणून पडलेलाच आहे, डोंगरांच्या प्रत्येक घळीत एक बोट घातलेला. त्याच्या त्या आरामासाठी मुळशी पेट्यातल्या किती तरी गावांना अंग आवरून घ्यावं लागलं. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला इथे सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी इथेच चिकटली, तीन वर्षं माणसं लढली, तुरुंगात गेली आणि धरण झालंच. पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याला जातं, तिथं वीज होते, वीज मुंबईला जाते. मुंबईतला माणूस त्या विजेवर रात्रभर जागतो, आखडतो, आणि आखडलेलं अंग सोडवायला शनिवारी मुळशीच्या तलावावर येतो. यात फिरतं ते पाणी की माणूस, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

शंभर वर्षांपूर्वी जमीन गेली ती पाण्याखाली. हल्ली ती गुंठ्यांत जाते. प्रवीण तरडे यांच्या २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटानं ती गोष्ट सबंध महाराष्ट्राला दाखवली, आणि नाव मात्र आमच्या तालुक्याला कायमचं चिकटलं. गुंठ्यांवर बंगले उभे राहतात. बंगल्याचा मालक पुण्यात हप्ते फेडत असतो; बंगल्यात वर्षाचे बहुतेक दिवस राखणदार जोडपं असतं. एका बंगल्यासमोरून जाताना मी नेहमी बघतो, पोर्चमधल्या रुंद पायरीवर सकाळच्या उन्हात राखणदार उताणा पडून दोन्ही हात डोक्यामागे, पाय पार टाचा दुखेपर्यंत लांब करतो. बायको आतून चहा आणते. तलावाचं दृश्य, ज्याचे चौरस फुटाला वेगळे पैसे लावलेले आहेत, ते समोर. मालक आले की मात्र दोघं मागच्या खोलीत अंग चोरून बसतात आणि मालक त्याच पायरीवर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालतात. मालकांच्या फेऱ्या मोजल्या तर त्यांचंही घड्याळ खूश होत असेल.

ती सुखी माणसाच्या सदऱ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. राजाची माणसं गावोगाव फिरली आणि सुखी माणूस सापडला तर त्याच्या अंगात सदराच नव्हता. लहानपणी ही गोष्ट ऐकून वैराग्याचं काहीतरी वाटायचं. आता वाटतं, खुलासा साधा असावा. सदरा नव्हता म्हणून त्याचे हात काखेत न अडकता पूर्ण वर जात होते.

एरवी मुळशीत भरपूर माणसं एकत्र, उघड्यावर, लाज न बाळगता अंग ताणताना बघायची असतील तर आषाढात भाताच्या लावणीला जावं. बाया ओळीनं चिखलात वाकलेल्या, पाठीवर इरली, वरून पाऊस. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हातानं लावत लावत मागे सरकायचं. तासभर कुणी मान वर करत नाही. मग ओळीतली एक कुणीतरी कंबरेवर हात ठेवून सरळ होते, मागे वाकते, आभाळाकडे तोंड करून "आई गं!" म्हणते. लगेच दुसरी, तिसरी, आणि ती लाट बांधापर्यंत जाते. जांभईसारखी ही गोष्टही एकीची दुसरीला लागते. त्या क्षणी त्यांना शिडीचा प्रश्न विचारायला कुणी गेलं, तर त्याला हातातली जुडी देऊन ओळीत उभं करतील. दुखणं आणि सुख यांच्या सीमेचा दगड त्या "आई गं"मध्ये कुठे गाडलाय ते मला सांगता येत नाही. पण बांधावर चहाची किटली आलेली असली तर तो बराच सुखाच्या बाजूला सरकतो, एवढं पाहिलेलं आहे.

बैलांचा मात्र या बाबतीत रीतसर सण आहे. आमच्याकडे पोळा भाद्रपदाच्या अमावास्येला, घाटावरच्या पुष्कळ ठिकाणांहून महिनाभर उशिरा, कारण श्रावणात इथे भाताची कामं आणि पाऊस दोन्ही ऐन भरात असतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसतं, तो खांदा कोमट पाण्यानं शेकायचा, हळद आणि लोणी-तूप लावून हातानं मळायचा. मळताना बैल मान लांब करतो, डोळे अर्धे मिटतो, कातडी थरथरवतो. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आल्यापासून दारात बैल राहिलेली घरं मोजकीच. शर्यतीच्या बैलांना तर बदाम मिळतात, त्यांचं सोडा.

गेल्या खांदेमळणीला आप्पांच्या गोठ्यात होतो. वहिनी वाटीत लोणी घेऊन बैलाचा खांदा मळत होत्या, अगदी मन लावून. बैलानं मान एवढी लांब केली की ती गव्हाणीच्या पलीकडे गेली. आप्पा दाराशी उभे. बघून बघून त्यांना राहवलं नाही. त्यांनी आपला उजवा खांदा दोनदा गोल फिरवला, कट्‌ असा आवाज काढला आणि म्हणाले, "आमचा बी खांदा धरलाय म्हणलं. उरलं तर जरा इकडं बी बघा."

वहिनींनी मान वर केली नाही. "त्यो नांगर ओढतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय ओढता?"

आप्पांनी तोंडातली विडी काढून कानामागे ठेवली आणि शर्टाची वरची दोन बटणं सोडायला घेतली.